काढून टाकल्यावरही ताई तपासत राहिली

निखिलचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याला ऑफिसात होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला तो. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर, "कुठे पसरला होता रे?" "नाही गं, हार्ट. चहा ठेवला आणि खाली बसली…" महिना होत आला, डोकं अजून तिथेच अडकलंय. आम्ही सगळे एकाच गोष्टीवर डोळे लावून बसलो होतो आणि ताई भलत्याच कारणाने गेली.

सुनंदाताई, माझी मोठी बहीण, मालाडच्या शाळेत पी.टी. शिकवायची. आमची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. पुढे ताईच्या डाव्या बाजूला गाठ निघाली, तेव्हा जनुकांची तपासणी झाली. दोष आईकडूनच आलेला होता. ताईने दोन्ही स्तन काढून घेतले. नातेवाईक म्हणाले, सुटलीस. ती उसळली, "सुटले कसली? कातडीखाली थोडं उरतंच. नारळ खवलाय का तो, करवंटीपर्यंत सगळं निघायला?" दर सहा महिन्यांनी अंधेरीला डॉक्टरांकडे जायचं, ते तिने कधी चुकवलं नाही. पण त्या आठवड्यात घरात भांडी आपटायची, कुणी काही विचारलं की डाफरायची… मी सोबत जायचे, तर माझ्यावरही.

एकदा आंघोळ करताना तिच्या बोटाला व्रणाशेजारी तांदळाएवढं काहीतरी लागलं. दाखवायला गेलो त्या दिवशी नवे डॉक्टर होते. दाबून बघितलं आणि म्हणाले, "टाक्याची गाठ असेल, पुढच्या वेळी बघू." ताई खुर्चीवरून उठलीच नाही. "पुढच्या वेळी तुम्ही असाल हो. मी असेन का, ते सोनोग्राफी करून सांगा." ते ओशाळले, चिठ्ठी लिहून दिली. मग सुई घालून तपासलं. कॅन्सर परतला होता, पण लहान होता. तेवढा भाग काढला, रेडिएशन झालं, आणि ताई पुन्हा मैदानात शिट्टी फुंकायला लागली.

त्यानंतर तिने मलाच धरून नेलं तपासणीला. माझ्यातही तोच दोष निघाला. वाटलं, जवळ घेईल. ती म्हणाली, "रडून घे. मग एमआरआयची तारीख घेऊ." मी रडले, ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता… इतक्या जोरात, की पाठ दुखली.

आता माझंही तिच्यासारखंच ऑपरेशन ठरलंय, गाठ निघायच्या आधीच, पुढच्या महिन्यात. ताई मुलुंडला माझ्याकडे राहायला येणार होती. हल्ली छातीला जरा खाज आली तरी मी फोन उचलते, तिचं नाव शोधते, आणि मग कळतं…

परवा निखिलने तिच्या कपाटातली एक पिशवी आणून दिली. आत तिचे ब्लाउज होते, ऑपरेशननंतर टक्स उसवून सपाट शिवून घेतलेले. कापूस भरून फिरणं तिला मंजूर नव्हतं. त्यातला हिरवा मी आरशासमोर घालून पाहिला. खांदे बरोबर बसले, बाह्या बरोबर बसल्या. छातीवरचे हुक मात्र काही केल्या लागेनात. किती तरी वेळ दोन्ही टोकं हातात धरून उभी राहिले. मग तो काढला, घडी केली, आणि हॉस्पिटलला न्यायच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला.