हरीश वाळिंब्यांनी सोडलेला बाण

२००१ साली पत्नी प्रभा वारली तेव्हा हरीश वाळिंबे एकावन्न वर्षांचे होते. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत ते यंत्रांच्या सुट्या भागांची मापं घ्यायचे. घरी बोलायला कुणी नव्हतं. मुलगी अवनी हँबुर्गला शिकत होती, रविवारी फोन करायची. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि पाच-सात मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपून जायचं. इतकी वर्षं प्रभाच मध्ये बसून दोन्ही टोकं जुळवत होती, हे त्यांना आता कळत होतं.

शनिवार तर खायला उठायचा. म्हणून ते गावामागच्या जंगलात चालायला जाऊ लागले. २००३च्या मार्चमध्ये असंच चालताना समोर झाडीत रानडुक्कर दिसलं. हरीशराव जागीच थिजले. डुक्करही हलेना.

"फोमचं आहे ते," मागून आवाज आला. "पण तुम्ही बाणांच्या वाटेत उभे आहात."

हा वेर्नर. सत्तरीला टेकलेला, निवृत्त सुतार. तिरंदाजांच्या फेराइननं, म्हणजे तिथल्या मंडळानं, जंगलाच्या त्या तुकड्यात फोमचे प्राणी मांडून ठेवले होते. वेर्नरच्या हातात स्वतः तासलेलं ॲशच्या लाकडाचं धनुष्य होतं. त्याला नेम धरायचं कुठलंही साधन नव्हतं. त्यानं ते हरीशरावांच्या हाती दिलं. पहिला बाण डुकराच्या डोक्यावरून गेला.

"किती मीटर आहे हे?" हरीशरावांनी विचारलं.

"मोजू नका. जिथे मारायचंय तिथला एक केस बघा. फक्त केस."

मापांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे जमायला दोन वर्षं लागली. पण दर शनिवारी कुणीतरी आपली वाट बघत असतं, एवढ्यासाठी ते जात राहिले.

जर्मनीत धनुष्यानं शिकार करायला बंदी आहे. त्यामुळे वेर्नर दर ऑक्टोबरला हंगेरीत जायचा. २००६ साली तो म्हणाला, "या वेळी तूही चल." हरीशरावांच्या घरी किंवा सासरी कुणी अंडंसुद्धा घरात आणलेलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही शिकारीची हौस नव्हती. पण आठ दिवस कुणाची तरी सोबत मिळेल, या आशेनं त्यांनी शिकारीच्या परवान्यासाठी लागणारी परीक्षासुद्धा दिली.

तिथे गेल्यावर त्यांना उमगलं की शिकार म्हणजे एकट्यानं बसणं. पहाटे मचाणावर चढायचं आणि खोकलाही गिळायचा. वेर्नरचा नियम एकच होता: पंधरा पावलांच्या आत आलेल्या, निर्धास्त उभ्या जनावरावरच बाण सोडायचा. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी उजाडताना एक ठिपक्यांची हरिणी आली आणि बारा पावलांवर आडवी उभी राहिली. हरीशरावांनी एक केस पाहिला आणि बाण सोडला. त्याच क्षणी तिनं एक पाऊल पुढे टाकलं. बाण नेमापेक्षा मागे लागला. ती पाठीत वाकून झाडीत शिरली.

वेर्नर आला. त्यानं आरपार जाऊन जमिनीत रुतलेला बाण उचलून हुंगला. "पोटात लागलाय. सहा तास कुणी हलायचं नाही."

"ती तिकडे तडफडत असेल!"

"आत्ता मागे गेलास तर ती जीव घेऊन पळेल आणि सापडायची नाही. बसू दिलीस तर जवळच आडवी होईल. बस."

दोघं पडलेल्या ओंडक्यावर बसले. तासभर गेल्यावर हरीशराव एकदम बोलू लागले. प्रभाच्या शेवटच्या आठवड्यात ती सारखी म्हणायची, "अहो, जरा इथे बसा ना." आणि ते कॉरिडॉरमध्ये जाऊन या डॉक्टरला, त्या डॉक्टरला फोन करत राहायचे, रिपोर्टांतले आकडे वाचून दाखवायचे. ती गेली तेव्हाही ते फोनवरच होते.

वेर्नरनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीन वर्षांत हे कधी बोलला नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"हो, खरंय. मी विचारायला हवं होतं."

दुपारी ते तिथल्या रखवालदाराचा माग काढणारा कुत्रा घेऊन निघाले. दोनशे पावलांवर काटेरी झुडपाखाली हरिणी सापडली. अंग गार झालं होतं. वेर्नरनं ओकची एक डहाळी तोडून तिच्या तोंडात ठेवली. मेल्या जनावराला शेवटचा घास द्यायची त्यांच्याकडची रीत. हरीशरावांना प्रभासाठीचं तुळशीपत्र आठवलं. तेही नर्सनं हाक मारल्यावर धावत येऊन, घाईघाईत ठेवलेलं. ते खाली बसले आणि हरिणीच्या मानेवरचा हात त्यांना काढवेना.

"मारलंस तर खायचंस," वेर्नर म्हणाला. म्हणून बर्फाच्या पेटीतून ते मांस घरी आलं. हरीशरावांनी पुस्तकात बघून रस्सा केला आणि फ्रँकफर्टच्या प्रदीप आणि उल्काला जेवायला बोलावलं. दोघं प्रभाच्या वेळेपासूनचे स्नेही.

"भाऊजी, तुम्ही स्वतः मारलंत?" उल्कानं ताट हलकेच मागे सरकवलं. "वहिनी असत्या तर..." प्रदीप हवापाण्याचं बोलला. कॉफी न घेताच दोघं निघाली. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं बोलावणं आलं नाही, पुढच्याही नाही.

नाताळात अवनी आली. रस्सा समोर ठेवून हरीशरावांनी तिला सगळं सांगितलं: बाण, सहा तास, आणि कॉरिडॉर. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला माहीत होतं. मी आईजवळ होते. पाच वर्षं तुमच्यावर राग होता माझा."

"आणि आता?"

"आता माहीत नाही." तिनं चमचाभर रस्सा खाल्ला. "पुन्हा जाणार आहात?"

"नाही."

"मग ऑक्टोबरात माझ्याकडे या, बाबा," हे मात्र ती मराठीत म्हणाली.

पुढच्या ऑक्टोबरात ते हँबुर्गला गेले. चार दिवस राहिले. अवनी दिवसभर कामावर असायची. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून खालची ट्राम बघत, तिच्या येण्याच्या सुमाराला वरण-भाताचा कुकर लावत. जेवताना दोघं फारसं बोलत नसत. दोघांनाही उठायची घाई मात्र नसे. परतीच्या दिवशी ती स्टेशनवर आली, गाडी हलेपर्यंत थांबली. हरीशरावांनी काचेतून हात केला. मग सहा तासांच्या प्रवासात शेजारची जागा रिकामीच राहिली.