माझ्या कानातली काळी पाच

आधी एक सांगून टाकतो. मी कधी भगताच्या दारात गेलेलो नाही, गळ्यात गंडा बांधलेला नाही. गावाकडे कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी उठून जायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली... लोक हसतील याची भीती नव्हती, माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

साल ९६-९७. आम्ही सुरतला, गोडादऱ्यात एका खोलीत राहायचो – मी, बायको सुनंदा आणि चार वर्षांची मुलगी मनीषा. मूळचे पारोळ्याकडचे. मी लूमवर कामाला होतो. तिकडे लूमच्या कारखान्याला 'खातं' म्हणतात. बारा तासांची पाळी, आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हाताच्या खुणांनी. दहा वर्षं त्यात काढली आणि माझ्या कानात आवाज सुरू झाला.

बऱ्याच जणांना शिट्टी ऐकू येते म्हणे. माझं तसं नव्हतं. कुणीतरी तोंड मिटून नाकातून एकच सूर धरून ठेवावा, तसं. दिवसभर, न थांबता. त्याच्या जोडीला दुसरं दुखणं – बाहेरचा साधा आवाजही सहन होईना. ताटावर वाटी आपटली की कानात सुई खुपसल्यासारखं व्हायचं. रिक्षाच्या हॉर्नने मी रस्त्यात खाली बसलेलो आहे. डॉक्टरांनी तपासलं, स्टेथोस्कोप कानामागे लावून ऐकलं. म्हणाले, "भाई, बाहर कुछ नहीं है. ये आवाज सिर्फ आपको आती है. लूम का काम छोड दो." काम सोडून खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या चाळीत बापू म्हणून एक म्हातारे होते, आमच्याच खानदेशातले, भजनात पेटी वाजवायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, बापू, एकेक पट्टी दाबा. ते दाबत गेले. एका पट्टीला मी हात वर केला. "हाच."

"काळी पाच," बापू म्हणाले. "चांगला सूर शे भो. पण दिवसभर कोन ऐकी?"

हे फक्त बापूंना आणि मला माहीत. सुनंदालाही सांगितलं नव्हतं, तिला आधीच काय कमी होतं?

कारण मनीषा जन्मतःच बहिरी. सरकारी दवाखान्यात दोनदा तपासणी झाली होती. पाठीमागे थाळी वाजवली तरी पोरीची पापणी हलायची नाही. आणि ज्याला स्वतःचा आवाज माहीत नाही, त्याला तो आवरता कसा येणार? आनंद झाला की मनी किंचाळायची. भूक लागली की किंचाळायची. मी घरात आलो की मला बघून किंचाळत धावत यायची... आणि मी दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करायचो. अंगावर येणाऱ्या लेकीच्या त्या आनंदाची मला धास्ती बसली होती.

"तिले ऐकूच येत नही," सुनंदा म्हणायची. "ती काय करी बिचारी?"

शेवटी मी ठरवलं, दोघींना गावाला पाठवायचं. सुनंदा नुसती कपड्यांची घडी घालत बसली.

जायच्या आदल्या दिवशी खात्याला सुट्टी होती. दुपारची वेळ. मी खाटेवर डोकं धरून बसलेलो. मनीने कोपऱ्यातला डबा पाडला, तो घरंगळताना बघून तिला गंमत वाटली आणि ती जोरात किंचाळली. मी उठलो आणि तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

मनी रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी खाटेवर बसलो. मग ती हळूच आली, खाटेवर चढली, आणि तिने तिचं कपाळ माझ्या कानशिलाला टेकवलं. जरा वेळ तशीच राहिली – दाराला कान लावून ऐकावं तशी. आणि तोंड मिटून गुणगुणायला लागली.

एकच सूर. तोच.

आणि माझ्या डोक्यातला आवाज थांबला.

कसं सांगू... दोन वर्षांनी मला शांतता ऐकू आली. बाहेर कुणीतरी धुणं झटकत होतं. सुनंदाच्या बांगड्या किणकिणल्या. काही म्हणजे काही टोचलं नाही. पोरीचा श्वास संपला, सूर थांबला, तसा डोक्यातला आवाज परत आला. तिने श्वास घेतला, पुन्हा सूर धरला. पुन्हा शांत.

मला हुंदका आवरेना. सुनंदा घाबरली. "काय व्हयनं? कानमा दुखी राह्यनं का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती तशीच उठली आणि बापूंना पेटीसकट घेऊन आली. मनीने पुन्हा माझ्या डोक्याला कपाळ लावलं, गुणगुणली. बापूंनी पट्टी दाबली. काळी पाच. केसाचाही फरक नाही.

बापू म्हणाले, योगायोग असू शकतो, लहान पोरं कुठलाही सूर धरतात. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

पण गावाला जाणं राहिलं. मनी रोज संध्याकाळी मी आलो की खाटेवर चढायची. ती किंचाळायची तेव्हा कानात सुई अजूनही जायची, पण मी भिंतीकडे वळणं सोडलं.

पुढे पावसाळ्यात मला मलेरिया झाला. कडू गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कानातला आवाज बदलला – चढला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी होतं असं. घरी मी कुणालाच सांगितलं नाही. मनी आली, कपाळ टेकवलं... आणि थबकली. मागे होऊन माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा टेकवलं. मग गुणगुणली, तर सूर नवा. चढलेला. बापूंना बोलावलं. काळी पाचच्या शेजारची पांढरी पट्टी.

या खेपेला बापूंनी योगायोग म्हटलं नाही. पेटीचा भाता बंद केला आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले.

दोन वर्षांनी मनी बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला लागली. हळूहळू तिचं कपाळ टेकवणं कमी झालं आणि एक दिवस बंदच पडलं. मी कधी मागितलं नाही. लेकराकडे काय मागायचं? त्याआधीच मी लूम सोडून कापडाच्या गोदामात लागलो होतो. बाहेरच्या आवाजाचा त्रास पुष्कळ उतरला. आतला मात्र राहिला.

मनीचं आता लग्न झालंय. मागे ती माहेरी आली तेव्हा मी तिला कागदावर लिहून विचारलं – तुला तेव्हा काय ऐकू यायचं? तिने पेन हातात घेतलं. मग लिहिलं:

"ऐकू म्हणजे काय ते मला माहीत नाही. कपाळाला कळायचं. मला वाटायचं सगळ्यांच्या पप्पांच्या डोक्यात असतं. मग शाळेतल्या मैत्रिणीच्या पप्पांना कपाळ लावून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. घरी येऊन मी आईजवळ खूप रडले. तेव्हा कळलं, तुम्हाला दुखतंय."

कानाच्या तीन डॉक्टरांना मी हे विचारलंय. तिघांचं म्हणणं एकच – तो आवाज डोक्याबाहेर येतच नाही, दुसऱ्याला कळणं शक्य नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांचं बरोबरच असणार. आता मी कारण शोधत नाही. फक्त त्या पोरीच्या थोबाडीत मी एकदा मारली होती, एवढं विसरता येत नाही.