मी ओळखलेला शुक्र

आमच्या घरी घड्याळ नव्हतं. पहाटे बैल जुंपायचे ते शुक्राची चांदणी उगवलेली पाहून, आणि ते काम बाचं. त्या वर्षी मात्र मी शाळेतून आकाशाचा एक नकाशा उतरवून आणला होता आणि माझ्या अंगात ज्योतिषी संचारला होता. जेवताना, बैल पाण्यावर नेताना, सापडेल त्याला धरून मी नक्षत्रं सांगायचो. लोक मला पाहून वाट बदलू लागले. मला वाटे, आदरानं.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अकोल्याला डोळ्यांचा एक डॉक्टर दोनच दिवस येणार होता आणि त्यासाठी अनसिंगला सकाळची आगगाडी गाठायची होती. ती चुकली की मायचा अंधार आणखी वर्षभर पक्का. बा स्वतःच उठणार होता. मी हट्ट धरला, चांदणी मी पाहणार. बा "पाह्य बाप्पा" म्हणून घोंगडीत शिरला.

मला कसली झोप! पूर्वेला ठळक तारा दिसला मात्र, मी घर डोक्यावर घेतलं. बैल काही केल्या उठेनात. त्यांना जे कळत होतं ते मला कळत नव्हतं. बा वर पाहून काहीतरी बोलणार होता, पण मी नकाशातली दोन अवघड नावं त्याच्या तोंडावर फेकली, तसं त्यानं बैलांना उठवून गाडीला जुंपलं. वाटभर मी मायला आकाश समजावून दिलं. तिला दिसत नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

अनसिंगला पोचलो तर स्टेशनात काळं कुत्रं नाही. आम्ही फलाटावर गोधड्या पसरून बसलो. बऱ्याच वेळानं त्या ताऱ्याच्या पार खाली आणखी एक चांदणी वर आली, पहिल्याहून किती तरी तेजस्वी. हा शुक्र! मघाचा गुरू होता, आणि आम्ही मध्यरात्रीच निघालो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बा शेजारी घोरत होता. मी कोणाला चकार शब्द न सांगता गोधडी डोक्यावरून ओढली आणि, माझ्या अकलेला काय म्हणावं, झोपून गेलो.

आगगाडी आलेली ऐकली ती मायनं. तिनंच चाचपडत आम्हाला हलवून उठवलं. बानं आम्हा दोघांना कसंबसं डब्यात चढवलं आणि तो बैलांकडे परतला.

माय पुढे नीट पाहू लागली. पण त्या दिवशी डब्यात, दम खाल्ल्यावर, मी खाली मान घालून माझी चूक कबूल केली. ती म्हणाली, कोंबडा आरवला नव्हता, तेव्हा पहाट व्हायची आहे हे तिला घरूनच ठाऊक होतं.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुले दिसते, मले कोठी दिसते? म्या म्हनलं, ज्याले दिसते त्याचंच खरं असन."