बाबांची गाडी डावीकडे का जायची

मंडळी, दुपारी गॅरेजमधून आले तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही.

दोन वर्षं दारात उभी असलेली बाबांची गाडी विकायची ठरली, म्हणून आधी ब्रेक दाखवायला नेली. मेकॅनिकने पुढची चाकं उचलली. "दीदी, ब्रेक दबाके रखिए." डावं चाक घट्ट थांबलं. उजवं त्याने हाताने सहज फिरवून दाखवलं.

उजवीकडे ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी आतून फुगून बंद झाली होती. बाहेरून चांगली दिसत होती.

"उभी राहून खराब झाली असेल," मी म्हणाले.

त्याने दोन्हीकडचे ब्रेक पॅड काढून समोर ठेवले. डावा घासून संपलेला, उजवा जवळजवळ नवा. "खड़े-खड़े नहीं हुआ दीदी. चलती थी तभी से ब्रेक लगाते ही बाईं तरफ खींचती होगी. किसी ने बताया नहीं?"

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत गाडी डावीकडे जाऊन एका ओट्याला घासली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मी सरळच धरून होतो पोट्टी, गाडीच ओढून राहिली." मी म्हणाले, "बाबा, आता हात पहिल्यासारखे नाहीत तुमचे." आणि चावी पर्समध्ये टाकली. त्यांनी ती पुन्हा मागितली नाही. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले.

नवी नळी बसवली. येताना चौकात ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मले रोज हात समोर करून दाखवत. पाह्य बरं, थरथरतात का म्हणून."

तुमच्यापैकी कोणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून चावी काढून घेतली आहे का? त्याआधी गाडी तपासली होती?