गंडीपेठची नीरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही, देवासमोर बसून देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल म्हणा, पण त्याने कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का? तर पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला, एवढंच खरं कारण. आणि लिहायला बसल्यापासून जरा बरं वाटतंय, हेही कबूल करते.

गोष्ट म्हटली तर एका मडक्याची आहे. हसू नका. मलाही कित्येक वर्षं वाटायचं की एवढ्याशा मडक्याचं काय घेऊन बसायचं? पण मग ते विसरता का येत नव्हतं?

मी पुण्याची. लग्न होऊन हैदराबादेत सुलतान बाजारात आले, तेव्हा विशीचीही नव्हते. सासरची मंडळी पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीतली. मामंजी कचेरीत उर्दूत असे काही मसुदे लिहीत की भल्याभल्यांनी वाचत राहावं, आणि घरी आले की “काय करायलीस ग?” अशा मराठीत बोलत. मला मेलीला त्याचं हसू यायचं. मी त्यांना चक्क दुरुस्त करायची. त्यामुळे घरात माझं नाव ‘पुणेकरीण’ पडलं होतं, आणि ते मी माझ्याच करणीने मिळवलं होतं. सगळं आपल्यालाच ठाऊक, हा तेव्हा माझा स्वभाव होता. आता नाही, असं म्हणत नाही.

आणि खाजाभाई. आमच्या घरी महिन्याने लावलेला टांगा त्यांचा. मामंजींना कचेरीत नेणं-आणणं, सासूबाईंना देवळात नेणं, सगळं तेच करत. मी नवी नवरी म्हणून नामपल्ली स्टेशनावर उतरले, तेव्हा मला घरी आणलं तेही त्यांनीच. तेव्हापासून मला ‘दुल्हन’ म्हणत. पाच वेळचे नमाजी, पानसुद्धा खात नसत. पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते वर्ष रझाकारांच्या धाकात फार वाईट गेलं. बाहेर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईपर्यंत जिवात जीव नसे. त्या दिवसांत खाजाभाई मामंजींना टांग्यात मागे बसवून पडदा सोडत, आणि कोणी अडवलं की जनाना आहे म्हणून सांगत. मामंजी मग घरी येऊन म्हणत, “आज पुन्हा मी बाई झालो.” सगळे हसायचे. हसताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य भारतात आलं. आमच्या गल्लीतल्या लोकांनी मोकळा श्वास घेतला आणि खाजाभाईंच्या गल्लीतल्या लोकांनी दारं लावून घेतली. हे मला तेव्हा दिसलं का? दिसलं. पण दिसलं एवढंच.

कार्तिक आला. सासूबाईंनी नवस केला होता — सगळे सुखरूप राहिले तर गंडीपेठच्या तळ्याकाठी आवळीभोजन करीन. आवळीच्या झाडाची पूजा करायची, तिला नैवेद्य दाखवायचा आणि तिच्याच सावलीत जेवायचं. पुरुष मंडळी बसने गेली. आम्ही दोघी सासू-सुना, भांडीकुंडी आणि सोवळ्यात केलेल्या पुरणपोळ्यांची दुरडी अशा खाजाभाईंच्या टांग्यात निघालो, पहाटेच. शहर मागे पडलं आणि सासूबाई चक्क गाणं गुणगुणायला लागल्या. वर्षभरात कोणी शहराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं हो!

गंडीपेठचं तळं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढं पाणी! आणि काठाला एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे ते मोठाले खडक, मधूनमधून सीताफळीची झुडपं आणि त्यांतून गेलेली पायवाट. सासूबाई झाडाखाली सारवायला बसल्या, आणि मी “जरा पाय मोकळे करून येते” म्हणून त्या वाटेने सुटले. बगळे उडत होते, पायांना दव लागत होतं. मी पदर खोचून चालले — एकटी! पुण्यातसुद्धा इतकी एकटी कधी चालले नव्हते. तेवढा तास माझा होता, आणि तो आठवला की अजून सुख होतं. तेही लपवत नाही.

वाट संपली तिथे शिंदीचं बन होतं आणि बनाच्या कडेला गौडांची वाडी. ही माणसं झाडाला मडकी बांधून रस काढतात. सगळं गाव त्यावरच जगतं. एक बाई नुकतीच उतरवलेली मडकी गाळत बसली होती. “तागम्मा,” म्हणाली, आणि पानाच्या द्रोणात मला प्यायला दिलं. नीरा! माझे वडील खादीवाले. सकाळी नीरा प्यायची म्हणजे आरोग्य आणि देशसेवा एकाच पेल्यात, असं ते म्हणत. मी दोन द्रोण प्यायले. इतकी गोड होती की वाटलं, ह्यांनाही द्यावी. पुण्याची बायको काय चीज आहे, ते कळू दे म्हटलं. एक छोटं मडकं भरून घेतलं, तोंडाला पान बांधलं आणि परत आले.

नीरा उन्हात ठेवली तर तिचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ती कधी उरतच नसे.

खाजाभाई घोड्याला पाणी पाजत होते. मी मडकं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, सीटखाली ठेवा, कोणाला सांगू नका, गंमत आहे. ते वास घेऊन जरा घुटमळले. “दुल्हन, ये नक्को,” म्हणाले. मी म्हटलं, “शरबत आहे हो, तुम्हाला नाही कळायचं.” हे माझे शब्द. त्यांनी गवतात नीट बसवून ते मडकं सीटखाली ठेवलं.

दुपारी पूजा झाली, आणि सासूबाई नैवेद्याची दुरडी आणायला टांग्याकडे गेल्या. त्यांची किंकाळी ऐकून सगळे धावले. मडकं फसफसून उतू गेलं होतं. फेस शेजारच्या दुरडीतल्या पोळ्यांवर आला होता आणि वास तर असा की कोणी सेंधीच्या, म्हणजे ताडीच्या, दुकानात आणून उभं केलं असावं. नवसाचा नैवेद्य! सकाळपासून सासूबाईंच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्या मटकन खाली बसल्या.

मामंजींनी विचारलं, “खाजामियाँ, ये क्या है?”

आता सांगते ते हेच. खाजाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवून नाही — नुसतं पाहिलं, आणि थांबले. मी बोलावं म्हणून थांबले. पुरेसा वेळ थांबले. एक वाक्य लागलं असतं. काय झालं असतं हो मला? सासूबाई चार दिवस बोलल्या नसत्या, ‘पुणेकरीण’च्या जोडीला आणखी एखादं नाव पडलं असतं. एवढंच ना? मी पदर सारखा केला आणि तळ्याकडे बघायला लागले.

“मेरा नै है, सरकार,” ते म्हणाले. कोणाचं आहे, ते सांगितलं नाही. धाकटे भाऊजी तेव्हा जिंकल्याच्या तोऱ्यात होते. ते म्हणाले, “तुमचं राज्य गेलं, तरी मस्ती जाईना वाटतं?” मामंजींनी त्यांना गप्प केलं नाही. ज्यांना ह्या माणसाने पडद्याआड बसवून जिवंत घरी आणलं होतं, ते मामंजी. आणि मी त्यांना तरी काय नावं ठेवू? त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

सासूबाई काही त्या टांग्यात पाऊल ठेवायला तयार होईनात. आम्ही सगळे बसने परतलो. खाजाभाई रिकामा टांगा घेऊन एकटे गेले. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, वारा लागला, आणि मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. खोटं बोलले नाही, असंही मनाला सांगून झालं — मी तर काहीच बोलले नव्हते! त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज आहे.

दुसऱ्या दिवशी टांगा बंद झाला. गल्लीतल्या इतर घरांनीही त्यांना सोडलं. पिणाऱ्या माणसाच्या टांग्यात लेकी-सुना कोण पाठवणार? तो शब्द त्यांना चिकटला, आणि तो त्यांना रोजी गेल्यापेक्षा जड गेला असेल, हे न कळण्याइतकी मी तेव्हाही लहान नव्हते.

पुढे थोरल्या मुलीच्या वेळी माहेरी बाळंत होऊन मी पुण्याहून परतले. नामपल्लीला उतरले, रांगेतला पुढचा टांगा आला, आणि वर खाजाभाई. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी बाळाकडे पाहिलं, हसले, मामंजींची खुशाली विचारली, सासूबाईंचे गुडघे विचारले. मडक्याचं नाव काढलं नाही. मी मागे बसून सारा रस्ता एकच वाक्य जुळवत होते. कोठीचा चौक मागे पडला तरी ते जुळत नव्हतं. जुळत नव्हतं का? छे. केव्हाच जुळलं होतं, तोंड उघडत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी घोडा थांबवला. “यहींच उतर जाव, दुल्हन. मैं अंदर नै आता.”

घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी बाळाला छातीशी धरून उतरले. टांगा वळला, लांब गेला, दिसेनासा झाला. आणि मला पुन्हा हायसं वाटलं.