कानबाईला नाल्यावर न्यायचं होतं

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी अक्कांना शब्द दिला की येत्या श्रावणात तुमची कानबाई देवी रिक्षात बसून पांझरा नदीवर जाणार नाही. आपल्या कॉलनीमागच्या नाल्यावर पायी जाईल आणि तुम्हीही सोबत चालाल. मी हे बोललो तेव्हा त्यांची सून दारात गहू निवडत होती. ती म्हणाली, "भाऊ, मी ऐकलं बरं का." त्यामुळे शब्द फिरवायची सोय राहिली नाही.

अक्का म्हणजे माझ्या जुन्या घरमालकीण. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी धुळ्याला आलो तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शहरात नीट बोलावं लागतं असं मनाशी ठरवून मी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "आपल्याकडे पिण्याचे पाणी कोठे उपलब्ध होईल?"  त्यांनी आमच्या अहिराणीतच विचारलं, "कोन गावना शेस रे तू?" गाव सांगितलं. "मंग सरय बोल ना. माले कसाले घाबरस?"

त्या खोलीत मी पदवीपर्यंत राहिलो. परीक्षेच्या दिवसांत पहाटे अक्का माझ्या दारावर थाप मारायच्या आणि मी हो म्हणेपर्यंत मारतच राहायच्या. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसायची. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी करायची, रविवारी तिला चौरंगावर बसवायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायची. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत. मी परका. म्हणून त्या दिवशी, एवढ्या गडबडीत, अक्का माझ्यासाठी वेगळी कणीक मळून वेगळ्या तव्यावर पोळ्या करायच्या. "तुले रोट देता येत नही, पन उपाशी थोडी ठेवसू," असं म्हणून ताट पुढे सरकवायच्या. माझ्या शिक्षणात कोणाकोणाचा हात आहे हे मोजायला बसलो तर त्या पोळ्या मला फार वर धराव्या लागतील.

आता मी इथल्याच एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे आणि अक्कांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझं घर आहे. आमची ही सगळी कॉलनी अक्कांच्या सासरच्या शेतावर वसलेली. नाला तेव्हा शेताच्या बांधाला लागून वाहायचा. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा कानबाई तिथेच न्यायचे. काठावर बसून नारळाला अंघोळ घालायची, आरती करायची आणि परतताना ओंजळभर वाळू चौरंगावर ठेवून घरी आणायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. मग प्लॉट पडले, घरं झाली, घरांचे पाइप नाल्यात सुटले आणि कानबाई पांझरेवर जायला लागली. पांझरा लांब, म्हणून रिक्षा. चौरंग सुनेच्या मांडीवर. अक्कांचे गुडघे गेल्यापासून तर त्या रिक्षातही चढेनात. दोन श्रावण त्यांनी कानबाईला फाटकातूनच हात जोडले होते. याची त्या तक्रार करत नसत. पण एकदा मला म्हणाल्या, "तिसरं वरीस भी आसंच जाई का काय." त्यावर मी शब्द दिला.

शब्द अगदीच हवेत नव्हता. आमचा रविवारी सकाळी काम करणाऱ्यांचा गट होता, सात-आठ जणांचा. सुरुवात कॉलनीच्या मोकळ्या जागेपासून झाली. कागदावर तिचं नाव बगीचा असलं तरी प्रत्यक्षात तिथे एक मोडकी घसरगुंडी आणि गुडघ्याएवढं गवत होतं. ते काढलं, कडुनिंब, करंज, बहावा लावला, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. गटाचे पुढारी नाना. पाटबंधाऱ्यांच्या कामांवर सगळी नोकरी काढलेले, निवृत्तीनंतरही खिशात मोजपट्टी ठेवणारे. दुसरे महत्त्वाचे गृहस्थ चाचा, नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातले गवंडी. अर्ध्या कॉलनीचे पाये त्यांनीच भरलेले. ते कामाला यायचे ते स्वतःची थापी घेऊन, काम झाडं लावण्याचं असलं तरी.

बगीचा जरा रूपाला आल्यावर मागचा नाला डोळ्यांत खुपायला लागला. आधी पाइप बंद करायचे ठरले. नाना आणि मी काठाकाठाने चालत, कोणत्या घराचा पाइप नाल्यात येतो ते वहीत लिहीत निघालो. चौथा पाइप बघून नाना थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तर प्रयोगशाळेचा दिसतो." तो माझ्याच न्हाणीघराचा होता. घर बांधताना मिस्त्रीने काढून दिला, मी विचारलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी तो नव्या गटारयोजनेच्या चेंबरला जोडून घेतला. पुढे लोकांना समजावताना त्याचा उपयोगच झाला. कोणी "आधी आपलं बघा" म्हणालं की नाना म्हणायचे, "त्यांचं बघून झालं. आता तुमचं." उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे पाइप बंद झाले आणि नाला कोरडा पडला.

इथवर सगळं चांगलं झालं होतं. मग जवळच रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराने एका सकाळपुरता जेसीबी द्यायची तयारी दाखवली. नानांचे डोळे चमकले. वर्षानुवर्षांचा गाळ, प्लास्टिक, वेड्या बाभळी, सगळं एका फटक्यात निघणार होतं. नानांनी रेषा आखली. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. नाला मधे दोन ठिकाणी वळत होता, ती वळणं सरळ करायची ठरली. चाचा काठावर उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "नाना, पानी को कहीं बैठने भी दो. दौडता ही रहेगा क्या?"

नाना हसले. "चाचा, पाण्याचं काम वाहण्याचं आहे. बसलं की डास होतात."

मीही हसलो. खरं सांगायचं तर ती दोरी धरताना मला फार बरं वाटत होतं. मी ज्या शाळेत शिकलो तिथे चांगल्या गोष्टी सरळ असायच्या. वहीतला समास, प्रार्थनेची रांग, झेंडावंदनाला आखलेली चुन्याची रेघ. वाकडंतिकडं ते अडाणी, ही समजूत कधी आत गेली ते मला कळलंही नव्हतं. दुपारपर्यंत गाळ गेला, बाभळी गेल्या, खालचा पिवळा मुरूम उघडा पडला आणि दोन्ही बाजूंना उभे, कापल्यासारखे काठ तयार झाले. आम्ही त्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

आषाढात दोन मोठे पाऊस झाले आणि नाला वाहिला. पाणी गढूळ होतं ते निवळलं. मी बाटली भरून कॉलेजात नेली, जमतील त्या सगळ्या तपासण्या केल्या. निष्कर्ष समाधानकारक आले. पिण्यासारखं नव्हे, पण हातपाय धुवायला हरकत नाही असं. मी ते टाइप केलं, त्याची प्रत काढली आणि कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अक्कांकडे घेऊन गेलो.

अक्कांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. "हाऊ कागद कानबाईले दखाड. माले काय समजस त्यामा? चाल, पानी देखू."

सून आणि मी त्यांना धरून बगीच्यातून मागे घेऊन गेलो. घरापासून तेवढं यायला त्या तीनदा थांबल्या. काठाशी आल्यावर खाली वाकून बघितलं. पाणी खरंच स्वच्छ होतं, तळाचा मुरूम दिसत होता. अक्का डावीकडे बघत होत्या, मग उजवीकडे.

"पाय कोठे ठेवू मी?" त्यांनी विचारलं.

 काठ पुरुषभर उभा होता. मलाही उतरायचं तर बसून घसरावं लागलं असतं.

"आनि रेती कोठे गयी?"

"अक्का, ती गाळाबरोबर निघाली."

"बठ्ठी?"

"बठ्ठी." सगळीच गेली होती.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "पानी चांगलं शे," म्हणाल्या, "पन हाई गटार शे, भाऊ. नाला नही." आणि वळल्या. घरी पोहोचल्यावर सुनेला सांगितलं, "रिक्षावाल्याले फोन करी दे." सोमवारी कानबाई पांझरेवर गेली. अक्का फाटकात उभ्या होत्या. मी समोरच्या बाजूला ढोलवाल्यांच्या मागे उभा राहिलो, त्यांच्या नजरेला पडणार नाही असा.

पुढच्या रविवारी मी गटात विषय काढला. नाना आधी ऐकून घ्यायला तयार नव्हते. "अरे, आपण नाला साफ करत होतो. घाट बांधायला निघालो होतो का?"

"नाना, पण तिथे माणूस उतरूच शकत नाही."

"उतरायचं कशाला? पडलं कोणी तर?"

चाचा म्हणाले, "कोई नहीं उतरेगा तो साफ है के गंदा, देखेगा कौन? सालभर में फिर पाइप लगेंगे."

 नाना उठून एकटेच नाल्यापर्यंत जाऊन आले. आल्यावर खिशातून मोजपट्टी काढली आणि चाचांच्या हातात दिली. "सांगा, कुठून तोडायचं."

पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर काम सुरू झालं. या वेळी यंत्र नव्हतं. बगीच्याच्या बाजूचा काठ पंधरा-वीस पावलांच्या लांबीत तिरपा उतरवायचा, खाली पाण्याशी चार पायऱ्या बसवायच्या आणि पाण्यात आडवे दगड रचून त्याची धाव मोडायची, एवढाच बेत. दगड रचले की वरच्या अंगाला वाळू थांबेल, असं चाचांचं म्हणणं. जागा कोणती, यावर मात्र दोन रविवार वाद चालला. शेवटी सुनेने प्लास्टिकची खुर्ची आणून काठावर ठेवली आणि अक्कांना आणून बसवलं.

मग आमचे हाल सुरू झाले. अक्कांना सगळं आठवत होतं. इथे वळण होतं, इथे म्हशी बसायच्या, इथे सासरा पंप लावायचा. चाचांनी पहिली पायरी बसवली तर त्या म्हणाल्या, "उंच शे."

"अक्का, नौ इंच है. सब जगह नौ ही रहती."

"तुना गुडघा नवा शे का मना?"

चाचांनी पायरी उखडली. दुसऱ्यांदाही उखडली. तिसऱ्या वेळी स्वतः अक्कांचा हात धरून म्हणाले, "आप खुद रख के देखो पाँव, फिर मेरे को बोलो." त्यांनी पाय ठेवून बघितला, काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास झाली. नाना हे सगळं बघत होते. मला हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांत कामाच्या जागी असा साहेब नाही भेटला."

यंदा पाण्याने वेळेवर यावं, वाळू थांबावी, हे आमच्या हातात नव्हतं. आषाढात नाला वाहिला, पण पहिल्या लोंढ्यात दगडांची एक रांग निखळली. ती आम्ही पुन्हा रचली. त्यानंतरच्या पाण्यात दगडांच्या वरच्या अंगाला बारीक काळसर वाळूचा पट्टा दिसायला लागला, फार नाही, एका चादरीएवढा. मी या वेळी पाणी तपासलं, पण कागद काढला नाही.

कानबाईच्या शनिवारी अक्का स्वतःच आल्या. चार पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. खालच्या दगडावर बसल्या, पाण्यात हात घातला, हात नाकाशी नेला.

"जरासा वास शे."

"काठावरच्या पाल्याचा असेल, अक्का."

"कसाना भी राहो." त्यांनी तळाची वाळू चिमटीत घेऊन चोळून बघितली, परत पाण्यात सोडली आणि सुनेकडे मान वळवली. "रिक्षावाल्याले नको म्हन."

सोमवारी सकाळी ढोल घेऊन कानबाई बगीच्यातून निघाली. चौरंग सुनेच्या डोक्यावर, मागे अक्का, एका हाताला नातू आणि दुसऱ्या हाताला मी. अर्ध्या वाटेवर मागून दुसरा ढोल ऐकू आला. मग तिसरा. कॉलनीतल्या आणखी तीन घरांच्या कानबाई येत होत्या. अक्कांनी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आम्हाला मात्र नाही. पायऱ्या एका घरापुरत्या, बायका चाळीसेक. काठावर फुगड्या सुरू झाल्या आणि नानांनी नुकतंच लावलेलं गवत पायाखाली गेलं. नाना धावत आले, ओरडायला तोंड उघडलं आणि मग तिथेच उभे राहून "एकेक, एकेक, घाई करू नका, खाली शेवाळं आहे" असं सांगायला लागले.

अक्कांनी नारळाला अंघोळ घातली, आरती झाली, वाळू चौरंगावर ठेवली. पण त्या दगडावरून उठेनात. मागून आलेल्या घरांतल्या बाया ताटं घेऊन खोळंबल्या होत्या. सून म्हणाली, "आई, उठा ना, त्यांना उतरायचंय."

"उतरू दे. मी कोनले अडावस?" म्हणत त्या तशाच बसून राहिल्या, पावलं पाण्यात सोडून. दुसरी कानबाई त्यांच्या शेजारी अंघोळ करून गेली, तिसरी गेली. चौथीच्या वेळी त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उठवलं. वर आल्यावर त्यांनी दम घेतला आणि मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं.

"पुढला साल रुंद करा," त्या म्हणाल्या. "बायासले उभं राहाले जागा नही."