डाव्या बाजूची वायर

कापडाच्या दुकानात त्याला सगळे घडीवाले म्हणतात. गिऱ्हाईक उठून गेलं की गादीवर उलगडलेल्या कापडाचा ढीग उरतो, आणि तो पुन्हा घड्या घालून फळीवर बसवण्यात या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं आहे. दिवसभर उभं राहून संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांचे दगड होतात. रविवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागावा, एवढीच त्याची रविवारकडून अपेक्षा. गेले काही महिने तेवढंही जमत नव्हतं, कारण रविवारच्या दुपारी तो थोरल्या भावाच्या खोलीत, स्टिरिओ आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गुडघे दुमडून बसलेला असायचा.

थोरला भाऊ, घरातला दादा, एका मोठ्या सभागृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. मागच्या रांगेत आवाज नीट पोचत नाही, हे मागच्या रांगेतल्या माणसाच्या आधी दादाला कळायचं. त्याने लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, माझ्या खोलीत दोन स्पीकर आहेत, तिसरा नको. खोलीतला स्टिरिओ त्याने एकेक भाग जमवून उभा केला होता: ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, कॅसेट डेक आणि कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. धाकट्याने शाळेत असताना एकदा आवाजाचं बटण फिरवलं, तर दादा आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय कामातून गेले. जीभ सावकाश का होईना, ताळ्यावर आली. सभागृहातली नोकरी मात्र सुटली. कॉट स्टिरिओच्या समोर हलवली आणि दादा दिवसभर ऐकत पडून राहू लागला. घरात सगळ्यांना वाटलं, चला, कान तरी शाबूत राहिले. हे वाक्य दादाही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

एका रविवारी तो म्हणाला, "छोट्या, डावा कमी येतोय. प्लग बघ."

पन्नाशी उलटलेला छोट्या उठला आणि यंत्राच्या मागे गेला. ज्याला आयुष्यभर हात लावायचा नाही असं बजावलं होतं, त्याची आतडी त्याने पहिल्यांदाच पाहिली. दादा कॉटवरून सांगत होता. आधी यंत्र बंद, मग भिंतीतली पिन काढ. कुठली वायर कुठून निघाली त्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण कर. वायर ओढायची नाही, प्लग धरायचा आणि किंचित पिळत काढायचा. धाकट्याने दुकानातून पॉपलिनची चिंधी आणली, कारण तिचे धागे सुटत नाहीत. एवढं एक ज्ञान या खोलीत त्याचं स्वतःचं होतं. चिंधीवर स्पिरिटचा थेंब घेऊन त्याने प्लगचे दांडे पुसले, सॉकेटच्या आतून कापूस गुंडाळलेली काडी फिरवली. चिंधी काळी झाली. स्पीकरच्या वायरींची टोकं काळवंडली होती. ती कापून, आतलं चकचकीत तांबं सोलून, पीळ देऊन पुन्हा बसवली. सगळं वाळू दिलं, मग सुरू केलं.

दादा डोळे मिटून ऐकत राहिला. म्हणाला, फरक आहे, पण अजून पुरतं नाही. पुढच्या रविवारी परत बघ.

पुढच्या रविवारी चिंधी जेमतेम मळली. त्याच्या पुढच्या रविवारी ती पांढरीच राहिली. तरी दादाचं तेच, डावा कमी. धाकट्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून दोनतीनदा सांगितलं की तिला दोन्ही सारखेच ऐकू येतात. धाकट्याने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्याला ठाऊक झालं होतं. एकदा दादाला न सांगता त्याने प्लेअरच्या मागच्या डाव्याउजव्या वायरींची अदलाबदल केली होती, पुढच्या रविवारी ती सरळ करून स्पीकरच्या वायरींची केली होती. दोष वायरीत असता तर तो वायरीबरोबर उजवीकडे गेला असता. दोन्ही वेळा दादा म्हणाला, डावाच कमी येतोय. मग दोष वायरीत नव्हता, यंत्रातही नव्हता. तो कॉटवर होता, उशीला टेकलेला. हे दादाला सांगायचं म्हणजे त्याच्याजवळ उरलेली एकुलती एक गोष्टही गेली असं सांगायचं. त्यापेक्षा स्वच्छ प्लग पुन्हा स्वच्छ करणं सोपं होतं. वायरी अदलून बघायची ही युक्ती दादाच्याच धंद्यातली, लहानपणी त्याच्याच तोंडून ऐकलेली. तरी दादाने ती करायला कधी सांगितलं नाही, याचं धाकट्याला नवल वाटायला हवं होतं. थकलेल्या माणसाला नवल वाटत नाही.

दुकानात लग्नसराईची गर्दी लागली. त्या आठवड्यात त्याचे पाय सुजले होते. रविवारी तो नेहमीसारखा फटीत शिरला, प्लग काढले, पुसले, बसवले. दर रविवारच्या काढघालीने डाव्या प्लगची कडी सैल झाली होती. ॲम्प्लिफायर मागे सरकवताना तो प्लग सॉकेटमधून सुटला आणि त्याला कळलं नाही. त्याने यंत्र सुरू केलं आणि तिथेच भिंतीला डोकं टेकलं.

डावा स्पीकर मुका होता.

दादा डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "हं. आता आला बघ डावा. छान झालं."

बायको हात पुसत दाराशी आली. तिने डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. धाकट्याने खाली वाकून पाहिलं. सुटलेला प्लग त्याच्या गुडघ्याशी पडला होता.

तो उचलून त्याने दादासमोर धरला. म्हणाला, "दादा, डावा बंद आहे. वायर माझ्या हातात आहे."

दादाने डोळे उघडले. प्लगकडे पाहिलं, धाकट्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"तुझे पाय बघितले सकाळी," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं, आला डावा. सुटशील तरी."

मग त्याने सांगितलं. पहिले तीनचार रविवार त्याला खरंच वायर वाटली होती. नंतर एकदा तो उजव्या कुशीवर वळला, उजवा कान उशीत दबला आणि मोरीतला गळका नळ बंद झाला. पाठीवर आला, नळ सुरू. पुन्हा वळला, बंद. सभागृहात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला याहून जास्त तपासणी लागत नाही.

धाकट्याला राग आला. इतके रविवार, इतक्या दुपारी, गुडघ्यांची वाट लावून. "मग मला मागे कशाला बसवत होतास?"

"एरवी तू येतोस, ताट ठेवतोस, जातोस," दादा म्हणाला. "यंत्रामागे बसलास की तासभर असतोस."

धाकटा हातातल्या प्लगची सैल कडी चिमटीत दाबत राहिला. बायको म्हणाली, "अहो भाऊजी, प्लग इतक्यांदा पुसून झाले. कानात कुणी बघितलं का?"

आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. मळ नव्हता. झटक्यातच कानाची शीर गेली असावी, सुधारण्याची आशा कमी, असं त्यांनी सांगितलं. दादाने मान हलवली, जणू सभागृहातल्या एखाद्या जुन्या माइकबद्दल चाललं आहे.

पुढच्या रविवारी त्याने धाकट्याला तो सैल प्लग बदलायला लावला. मग ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबायला सांगितलं. ते दाबलं की दोन्ही बाजूंचं सगळं दोन्ही स्पीकरमधून सारखंच येतं, मग डाव्या कानाच्या वाट्याचंही उजव्या कानाला मिळतं. त्या बटणाला दादा आयुष्यभर हसत आला होता. त्याच्या मते ते बहिऱ्यांसाठी ठेवलेलं होतं. बटण दाबल्यावर तो म्हणाला, चालेल. आणि धाकट्याला म्हणाला, मागे जायचं नाही आता, इथे समोर खुर्चीवर बस.

धाकटा बसला. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत त्याचा डोळा लागला, मान छातीवर आली, तोंड उघडं पडलं. सीडी संपली. दादाने हाक मारली नाही. यंत्राचा लाल दिवा तसाच जळत राहिला.